‘थायरॉइड निघालं’ म्हणजे नेमके काय निघाले?

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत वर्षातून एकदा रक्त देण्याचा हंगाम येतो. कंपनीच्या उपाहारगृहाच्या एका कोपऱ्यात टेबले मांडली जातात, उपाशीपोटी आलेल्या कर्मचाऱ्यांची रांग लागते आणि एक-दोन दिवसांत प्रत्येकाच्या मोबाइलवर पन्नास-साठ आकड्यांचा अहवाल येऊन पडतो. त्यांतला एक आकडा टीएसएचचा असतो. तो ठळक अक्षरांत छापलेला असला की संध्याकाळी पुण्याला, सोलापूरला किंवा बेळगावला फोन जातो आणि घरच्यांना सांगितले जाते, ‘थायरॉइड निघालं.’

वाक्य मोठे गमतीचे आहे. थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, प्रत्येकाच्याच गळ्यात असते. ती निघायची कुठून? पण ‘शुगर’ आणि ‘बीपी’ यांच्याप्रमाणेच हा शब्दही मराठीत अवयवाचे नाव न राहता आजाराचे नाव झाला आहे. या एका नावाखाली हल्ली पुष्कळ काही जमा होते: वाढलेले वजन, गळणारे केस, कामात न लागणारे लक्ष, सकाळी अंथरुणातून उठण्याचे न होणारे धैर्य, आणि कशातच गोडी न वाटणे. यातल्या शेवटच्या तक्रारींना वैद्यकशास्त्रात दुसरेही एक नाव आहे. ते नाव मात्र घरी फोनवर सांगता येत नाही.

थायरॉइडची कमतरता आणि नैराश्य यांचा संबंध खरा आहे आणि जुनाही आहे. परंतु तो समजला जातो तितका सरळ नाही आणि तितका मोठा तर मुळीच नाही. किंचित वाढलेला टीएसएच हे खचलेल्या मनाचे पुरेसे स्पष्टीकरण आहे, असे मानून तपास तिथेच थांबवणे ही शहरी भारतात रुजू लागलेली चूक आहे. तिची किंमत बहुतेक वेळा पंचविशी-तिशीतली माणसे मोजतात.

संबंध खरा का, ते आधी पाहायला हवे. १८७३ साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी मध्यमवयीन स्त्रियांत दिसणाऱ्या एका विचित्र मांद्याचे वर्णन केले: चेहरा सुजट, त्वचा कोरडी, बोलणे संथ, बुद्धी जणू झोपलेली. १८८८ साली लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने अशा शंभराहून अधिक रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना भास किंवा भ्रम होत असल्याची नोंद त्यात आहे. तीनच वर्षांनी न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क सेहेचाळीस वर्षांच्या एका बाईंना टोचला आणि गोठल्यासारखे झालेले ते शरीर पुन्हा चालू-बोलू लागले. त्या बाई पुढे अठ्ठावीस वर्षे जगल्या. तेवढ्या काळात त्यांच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्याचा हिशेब मरे यांनी स्वतः मांडून ठेवला आहे. १९४९ साली रिचर्ड अ‍ॅशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा रुग्ण मांडले. मानसिक आजाराचे म्हणून दाखल झालेल्या या माणसांचे खरे दुखणे गळ्यात होते, आणि थायरॉइडचा अर्क दिल्यावर त्यांतले बहुतेक जण सावरले. लिथियम, इमिप्रामीन ही औषधे वापरात येण्याच्याही आधीची ही गोष्ट आहे. मन बिघडल्याचे एखादे शारीरिक कारण सापडावे आणि ते दूर करताच मन पूर्ववत व्हावे, असे वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच घडले आहे. या कथेचा मोह अजून सुटत नाही तो त्यामुळेच.

अ‍ॅशर यांच्या रुग्णांना मोजमापाची फारशी गरज नव्हती. दारातून आत येणाऱ्या माणसाकडे पाहूनच निदान व्हावे अशी त्यांची अवस्था असे. आजचा प्रश्न निराळा आहे, कारण मोजमाप विलक्षण सूक्ष्म झाले आहे. हे घडवण्यात एका भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीचा मोठा वाटा आहे. रोझलिन यॅलो यांनी १९४५ साली अणुभौतिकीत डॉक्टरेट मिळवली आणि न्यूयॉर्कमध्ये सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर किरणोत्सारी आयोडीन वापरून रक्तातील संप्रेरकांच्या अत्यल्प मात्रा मोजण्याची पद्धत शोधली. तिला रेडिओइम्युनोअ‍ॅसे म्हणतात. १९७७ साली यॅलो यांना त्यासाठी नोबेल मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. भारतात हे तंत्र मुंबईच्या वाटेने रुजले. भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर थायरॉइडच्या कामासाठी प्रसिद्ध आहे, आणि या चाचण्यांचे संच वाशीच्या ‘ब्रिट’ संस्थेने देशभर पुरवले. त्याच भाभा केंद्रात काम केलेले ए. वेलुमणी यांनी १९९६ साली थायरोकेअर सुरू केली, आणि एकेकाळी मोठ्या रुग्णालयातच होणारी चाचणी गल्लीतल्या माणसाच्या आवाक्यात आली. हे यश लहान नाही. मात्र चाचणी स्वस्त झाली की ती करण्यामागे एखादा प्रश्न असावा लागतो, याचा विसर पडू लागतो.

टीएसएच म्हणजे काय, हेही थोडे नीट सांगायला हवे. हे थायरॉइडने तयार केलेले संप्रेरक नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला जो हुकूम सोडते, तो हुकूम म्हणजे टीएसएच. कामगार रेंगाळला की मुकादमाचा आवाज चढतो, तसे रक्तातील थायरॉक्सिन कमी होऊ लागले की टीएसएच वाढतो. आणि हा मुकादम मोठा तापट आहे. थायरॉक्सिनची मात्रा निम्मी झाली तर टीएसएच दुप्पट होत नाही, सुमारे शंभरपट होऊ शकतो. दोहोंचे नाते लॉगरिदमच्या प्रमाणात चालते. म्हणूनच टीएसएच हा इतका संवेदनशील निर्देशक ठरला. आणि म्हणूनच तो चारावरून सहावर गेला, तर शरीरातल्या प्रत्यक्ष संप्रेरकात झालेला बदल अगदी किरकोळ असू शकतो. बहुतेक प्रयोगशाळा चार-साडेचार मिलियुनिट प्रति लिटर ही वरची मर्यादा धरतात. टीएसएच वाढलेला पण थायरॉक्सिन अजून सामान्य, या अवस्थेला सौम्य किंवा सुप्त कमतरता म्हणतात. दोन्ही बिघडले तर ती उघड कमतरता. हा भेद निसटला की पुढचे सारे गणित चुकते.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत बंगळूर होते, मुंबई आणि गोवाही होते. पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या त्या पाहणीत सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉइडची कमतरता आढळली आणि त्याखेरीज ८ टक्के लोकांत सुप्त कमतरता. स्त्रियांत कमतरतेचे प्रमाण जवळजवळ १६ टक्के होते, पुरुषांत ५ टक्के. दुसरीकडे निम्हान्सने केलेल्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दर वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठलेले असते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून एक ढोबळ हिशेब करता येतो. एका कंपनीत हजार माणसे आहेत. त्यांतल्या ८० जणांचा टीएसएच किंचित वाढलेला आहे आणि ५० जण नैराश्याच्या वाटेने कधी तरी गेलेले आहेत. दोन्ही गोष्टींचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही असे मानले, तरी निव्वळ योगायोगाने चार माणसांच्या वाट्याला दोन्ही येतील. त्या चौघांपैकी प्रत्येकाला, आणि त्याच्या डॉक्टरांनाही, कारण सापडल्यासारखे वाटेल. जगभरातील पाहण्या एकत्र करून २०२१ साली जामा सायकिअ‍ॅट्रीत आलेल्या विश्लेषणात उघड कमतरता असलेल्यांत नैराश्याची शक्यता, ऑड्स या मापाने, १.७७ पट निघाली; सुप्त कमतरतेत ती अवघी १.१३ पट होती. म्हणजे वरच्या हिशेबातले चार फार तर साडेचार होतात. उरलेली नैराश्यग्रस्त माणसे ठळक अक्षरांतल्या त्या आकड्याविनाच नैराश्यात आहेत, आणि वाढलेल्या टीएसएचच्या ८० जणांपैकी बहुतेकांचे मन ठीक आहे.

मग गोळीने काय होते? उघड कमतरतेत गोळी हवीच; ती आयुष्य परत देते. कुठलाही लेख वाचून ती कोणी बंद करू नये. सुप्त कमतरतेची कथा मात्र वेगळी आहे. २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत ६५ वर्षांवरील ७३७ जणांना लेव्होथायरॉक्सिन किंवा तसलीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. थकवा आणि इतर लक्षणे दोन्ही गटांत सारखीच राहिली. पुढच्या वर्षी २१ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातही जीवनमानात किंवा नैराश्याच्या लक्षणांत अर्थपूर्ण फरक दिसला नाही. २०१९ साली बीएमजेने नेमलेल्या गटाने सुप्त कमतरतेत ही गोळी देऊ नये, अशी ठाम शिफारस केली. तिला अपवाद आहेत: गर्भवती किंवा गर्भधारणेच्या तयारीतील स्त्रिया आणि टीएसएच वीसच्या वर असलेले रुग्ण. तीव्र लक्षणे असणाऱ्यांना आणि तिशीच्या आतील तरुणांना ती लागू पडेलच असे नाही, हेही त्या गटाने प्रांजळपणे लिहिले. इलेक्ट्रॉनिक सिटीत तिशीच्या आतली माणसेच अधिक, तेव्हा हा अपवाद इथे महत्त्वाचा आहे. पण ‘लागू पडेलच असे नाही’ याचा अर्थ ‘गोळी गुणकारी आहे’ असा होत नाही. पुरावा नसलेल्या जागेवर डॉक्टरांनी सावधपणे पाऊल टाकावे, एवढाच त्याचा अर्थ.

इथे स्थळाचा विचार करणे भाग आहे. आर. के. बालिगा यांच्या कल्पनेतून १९७० च्या दशकात केओनिक्सने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर ही वसाहत उभी केली, तेव्हा ती इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कारखान्यांसाठी होती. आज तिथे दिवस अमेरिकेच्या घड्याळाने मोजणारी हजारो माणसे आहेत. टीएसएचलाही स्वतःचे घड्याळ असते. तो रात्री चढतो, पहाटेपूर्वी शिखर गाठतो आणि दुपारी सर्वांत खाली येतो. एरवी झोप त्याला आवर घालते. जागरण झाले की तो आवर सुटतो. म्हणजे रात्रपाळी संपवून, न झोपता, सकाळी आठला रक्त देणाऱ्या तरुणाचा टीएसएच केवळ जागरणामुळे मर्यादेबाहेर सापडू शकतो. अपुरी झोप ही नैराश्याचे लक्षण आहे आणि नैराश्याला निमंत्रणही. एकाच जागरणाने आकडाही वाढवला आणि मनही खचवले, तर आकड्यामुळे मन खचले असा निष्कर्ष काढणे म्हणजे छत्र्या उघडल्यामुळे पाऊस पडला म्हणण्यासारखे आहे. किंचित वाढलेला आकडा पुष्कळदा आपोआप खाली येतो. इस्रायलमधील एका मोठ्या नोंदीत ५.५ ते १० या पट्ट्यातील उपचार न घेतलेल्यांपैकी ६२ टक्के लोकांचा टीएसएच पुढच्या काही वर्षांत सामान्य झाला होता. म्हणून चांगले डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी, नीट झोप झालेल्या दिवशी, थायरॉक्सिन आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे यांच्यासह चाचणी पुन्हा करायला सांगतात. वार्षिक तपासणीच्या पॅकेजात ही दुसरी चाचणी नसते.

आणखी एक लहानशी खोच. केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणारे पुष्कळ आहेत. अनेक चाचण्यांच्या रसायनातच बायोटिन वापरलेले असते, त्यामुळे रक्तातील जादा बायोटिन टीएसएच खोटाच कमी दाखवू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला. केस गळणे हे थायरॉइडच्या कमतरतेचे लक्षण. त्यावर घेतलेली गोळी ती कमतरताच झाकून टाकू शकते! आणि ज्यांना लेव्होथायरॉक्सिन खरोखर हवे आहे, त्यांनी गोळीपाठोपाठ फिल्टर कॉफीचा पेला उचलला की गोळी पुरती शोषली जात नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचेही तेच. मात्रा बदलल्यावर आकडा स्थिरावायला सहा आठवडे लागतात. दर पंधरवड्याला रक्त तपासून काही साधत नाही.

कार्यकारणाची दिशा उलटीही असू शकते. १९७० च्या दशकातच दिसले होते की नैराश्याच्या दर चार रुग्णांपैकी साधारण एकाची पीयूषिका मेंदूच्या संदेशाला मंद प्रतिसाद देते. नैराश्य उतरल्यावर पुष्कळांत तो प्रतिसाद पूर्ववत होतो. म्हणजे मनाचा आजारही या साखळीत हात घालतो. दोन औषधांनी गुण न आलेल्या नैराश्यात मानसोपचारतज्ज्ञ कधी कधी थायरॉइडचे टी३ हे संप्रेरक जोड म्हणून देतात. ते थायरॉइड बिघडली म्हणून नव्हे.

लक्षणांची सरमिसळ किती आहे, हे नैराश्य चाचपण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवरून कळते. तिच्यातल्या नऊ प्रश्नांपैकी पाच, म्हणजे झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचालीतला संथपणा, थायरॉइडच्या रुग्णालाही तंतोतंत लागू पडतात. उरतात चार: कशात रस न वाटणे, उदास वाटणे, आपण अपयशी आहोत, घरच्यांची मान खाली घातली असे वाटणे, आणि मरण बरे असा विचार मनात येणे. किंचित वाढलेल्या टीएसएचने या चारांची उत्तरे ‘होय’ येत नाहीत. हे चार प्रश्न विचारायला सुई लागत नाही, उपाशीपोटी यावे लागत नाही, प्रश्नावली फुकट आहे आणि मराठीत उपलब्ध आहे. तरीही साठ आकड्यांच्या अहवालात त्यांना जागा नसते, कारण ‘होय’ असे उत्तर आले तर पुढे काय करायचे हे कंपनीला ठरलेले नसते आणि उत्तर कोण वाचणार ही धास्ती कर्मचाऱ्याला असते. धास्ती अनाठायी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण कंपनीच्या खर्चाने झालेल्या तपासणीवर विश्वास बसायला कायद्यापलीकडेही काही लागते.

स्त्रियांच्या बाबतीत ही सोय अधिक घातक ठरते. सुनेने महिनोन्महिने गप्प राहावे, कामावरून येऊन अंधारात बसावे आणि सर्वांनी म्हणावे, ‘तिला थायरॉइड आहे ना, हार्मोन्समुळे होतं.’ तिचे म्हणणे ऐकण्याची गरज त्या एका शब्दाने संपते. गोळी डब्यात असते, आकडा तीन महिन्यांत सामान्य होतो, तिची अवस्था होत नाही. आणि मग ‘आता तर रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे वाक्य तिच्यावर आरोपासारखे येऊन आदळते.

उलट दिशेची चूकही घडते आणि तीही सोडून देता येत नाही. थंडी सोसत नाही, आवाज घोगरा झाला आहे, नाडी मंदावली आहे, बद्धकोष्ठ जडले आहे, अशा माणसाला नुसते नैराश्याचे रुग्ण म्हणून वर्षभर औषधे देणे म्हणजे अ‍ॅशर यांचे चौदा रुग्ण पुन्हा निर्माण करणे होय. नैराश्याच्या पहिल्या भेटीत टीएसएच तपासणे त्यामुळे योग्यच आहे. लिथियम घेणाऱ्यांत तर ते औषधच थायरॉइडला मंदावू शकते, म्हणून त्यांची चाचणी ठरावीक काळाने करावीच लागते. म्हणजे तक्रार मांडता क्षणी टीएसएच मागवणे हे वैद्यक झाले. तक्रार न ऐकता आलेल्या टीएसएचला तक्रारीचे उत्तर ठरवणे ही केवळ सोय झाली.

होसूर रस्त्याच्या एका टोकाला निम्हान्स आहे आणि त्याच रस्त्याने दक्षिणेला गेले की इलेक्ट्रॉनिक सिटी लागते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस या राष्ट्रीय सेवेचे शीर्षस्थ केंद्र निम्हान्स आहे, आणि तिची तांत्रिक बाजू उभी करणारी आयआयआयटी बंगळूर ही संस्था इलेक्ट्रॉनिक सिटीतच आहे. ज्या इमारतींत ‘थायरॉइड निघालं’ म्हणून निःश्वास टाकले जातात, त्यांच्या शेजारीच. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन लावल्यावर आधी भाषा विचारली जाते. वीस भाषांच्या यादीत मराठी आहे, आणि सेवा चोवीस तास, म्हणजे रात्रपाळीच्या वेळेतही, चालू असते.